सुट्टी झाली, आता घरच्यांचं काय?

बिलोलीत कुणाला अटॅक आला की गाडी नरसी-नायगाव करत नांदेड गाठते. अँजिओप्लास्टी होते, स्टेंट बसतो, महात्मा फुले योजनेत बसलं तर खर्चाचंही भागतं. मग दवाखान्यातून सुट्टी होते आणि घरच्यांची पाळी सुरू होते. पेशंट घोरतो, बायको जागी. मध्यरात्री नाकाशी बोट धरून ती श्वास बघते, मोबाईलच्या उजेडात गोळ्यांच्या पट्ट्या तपासते.

हा ताण नुसत्या कामाचा नसतो. नेमकं कशावर लक्ष ठेवायचं ते ठाऊक नसलं की माणूस सगळ्यावरच लक्ष ठेवतो. झोप मोडते, बीपी चढतं. अमेरिकेत १९९९ साली छापून आलेल्या एका अभ्यासात, जोडीदाराची सेवा करताना ताण सोसणाऱ्या वयस्कांमध्ये चार वर्षांतला मृत्यूचा धोका, सेवेची जबाबदारी नसलेल्यांपेक्षा ६३ टक्के जास्त आढळला होता.

म्हणून सुट्टीच्या दिवशीच डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घ्यावं: कोणती गोळी केव्हा आणि नेमकं कोणत्या गोष्टीला घाबरायचं. छातीत दुखलं तर पेशंटला बसवायचं, जिभेखालची गोळी लिहून दिली असेल तर ती द्यायची, पाच मिनिटांत उतार नाही तर १०८. हृदय कमजोर असेल तर रोज सकाळी वजन. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पाय सुजले किंवा आडवं होताच दम लागला, तर डॉक्टरांना फोन. रक्त पातळ करणारी गोळी ‘आता बरंय’ म्हणून बंद करायची नाही. कागद भिंतीवर लागला की सगळं एकटीच्या डोक्यात राहत नाही. सून वाचते, शाळेतला नातूही वाचतो.

मग वाटणी. पुण्या-हैदराबादला असलेल्या मुलाने नुसतं ‘काळजी घे’ म्हणू नये. तपासणीची तारीख, फाईल, औषधं संपायच्या आत मागवणं त्याच्याकडे द्यावं. आठवड्यातल्या काही रात्री दुसऱ्या कुणीतरी पेशंटजवळ झोपावं.

भेटायला येणाऱ्यांचं मात्र अवघड आहे. चहा संपेस्तोवर ‘आमच्या साडूचंही असंच झालं होतं, महिन्यात गेला’ हे ऐकावंच लागतं. अशांना ओसरीवरच बसवावं, वाईटपणा मुलाने घ्यावा.

आणि पेशंटला तपासणीला नेलं की बाईने स्वतःचंही बीपी बघून घ्यावं. फारच कोंडल्यासारखं झालं तर १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं.