छोट्या रुळांवर हरवलेले व्होल्ट

टेबलावर किंवा गच्चीवरील खोलीत मांडलेली छोटी रेल्वे हा आजोबा आणि नातवंडे यांना एकत्र बसवणारा छंद आहे. पुण्याच्या कोथरूड भागातील जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय पाहून आलेल्या मुलांना तसा एखादा लोहमार्ग आपल्याही घरी असावा असे वाटू लागते. संच येतो, रूळ जोडले जातात, गाडी धावते. पुढे हौसेने मार्ग वाढवला की एक तक्रार हमखास उद्भवते. वीजजोडणीजवळ वेगाने धावणारी गाडी दूरच्या वळणावर रेंगाळते, तिचे दिवे मिणमिणतात, आणि दुसरे इंजिन ठेवताच दोन्ही मंदावतात. मग दोष पॉवर सप्लायच्या माथी मारून मोठ्या क्षमतेचा नवा संच विकत आणला जातो. दोष वाटेत असेल, तर हा खर्च व्यर्थ जातो आणि धोका मात्र वाढतो.

व्होल्ट जातात कुठे?

प्रचलित ‘एचओ’ गाड्या १:८७ या प्रमाणात बनवलेल्या असतात व त्यांच्या दोन रुळांतील अंतर १६.५ मिलिमीटर असते. साध्या डीसी पद्धतीत रुळांना जास्तीत जास्त सुमारे १२ व्होल्ट दिले जातात. ही वीज रूळ आणि त्यांना सांधणाऱ्या छोट्या जोडपट्ट्या यांतून पुढे जाते. जोडपट्टी सैल झाली किंवा तिच्यावर काजळी धरली, की तेथे विजेला अडथळा होतो. जर्मन शास्त्रज्ञ गेऑर्ग ओम यांनी १८२७ मध्ये मांडलेल्या नियमानुसार व्होल्टेजमधील घट म्हणजे प्रवाह गुणिले रोध. उदाहरणादाखल एका सैल जोडाचा रोध ०.२ ओहम धरू. जाण्यायेण्याच्या वाटेत असे दहा जोड असतील, तर एकूण रोध २ ओहम होतो. अर्धा अँपिअर घेणारे एक इंजिन धावताना १ व्होल्ट घटतो. तशी तीन इंजिने धावली, तर ३ व्होल्ट. निघाले १२, पोहोचले ९. माल गोदामातून पूर्ण निघाला आणि गिऱ्हाइकाकडे तुटीने पोहोचला, तर गोदाम मोठे करून तूट भरून निघत नाही.

मीटरचे उत्तर

साधा मल्टिमीटर येथे उत्तम साक्षीदार ठरतो, परंतु तो विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देतो. इंजिने उचलून ठेवली की प्रवाह जवळजवळ थांबतो व घटही नाहीशी होते; त्यामुळे सदोष रुळांच्या शेवटीही १२ व्होल्टच दिसतात. हे माप असत्य नाही. ते एका अपेक्षेने सत्य आहे. अनेकांताची शिकवण लाभलेल्या वाचकांना हा भेद सहज उमगेल. दुसरी अपेक्षा भाराची आहे.

त्यासाठी मोटारीतील १२ व्होल्ट, ५ वॅटचा दिवा दूरच्या टोकाला दोन्ही रुळांना जोडावा. तो सुमारे ०.४ अँपिअर घेतो. तो तापतो, म्हणून प्लॅस्टिकपासून दूर धरावा. वेगाचे बटण पूर्ण फिरवून प्रथम पॉवर सप्लायच्या टोकांवर मोजावे. तेथेच व्होल्टेज फार कोसळले, तर संच खरोखर दुबळा आहे. तेथे स्थिर आणि दूर कमी असेल, तर तूट वाटेत आहे. आता एकाच रुळावरील जोडाच्या दोन्ही बाजूंना मीटरची टोके लावावीत. निरोगी जोडावर माप शून्याच्या जवळ येते. जेथे अर्धा-पाऊण व्होल्ट दिसतो, तोच गुन्हेगार. ताळेबंद जुळत नसला की खातेवही पानापानाने तपासावी, तशीच ही रीत आहे.

उपाय आणि सावधगिरी

मार्गाखालून १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या दोन तारा न्याव्यात व साधारण मीटरभर अंतराने त्यांतून रुळांना बारीक तारांनी जोडण्या द्याव्यात. मग वीज जोडपट्ट्यांच्या भरवशावर राहत नाही. एका रुळाला सर्वत्र लाल व दुसऱ्याला काळी तार ठेवावी; अदलाबदल झाली तर शॉर्टसर्किट होते. रूळ वीज बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलावलेल्या कापडाने पुसावेत. हा द्रव ज्वलनशील आहे, म्हणून जवळपास ज्योत नसावी. पॉलिशपेपर टाळावा, त्याच्या ओरखड्यांत मळ साचतो.

डिजिटल म्हणजे डीसीसी पद्धतीत साधा मीटर अचूक माप देत नाही. तेथे रुळांवर निरनिराळ्या ठिकाणी क्षणभर नाणे आडवे ठेवावे. संच तत्काळ बंद पडला पाहिजे. तसे न झाल्यास वायरिंग अपुरे आहे असे समजावे. मोठा संच आणण्यातील धोका हाच: दूरवर डबा घसरून शॉर्ट झाला आणि संरक्षण जागे झाले नाही, तर अधिक प्रवाह चाके व प्लॅस्टिक वितळवू शकतो.

परदेशस्थ आप्तांनी आणलेल्या संचाबाबत आणखी एक दक्षता घ्यावी. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्टची, जपानमध्ये १००, तर आपल्याकडे २३० व्होल्टची आहे. संचावर ‘१००–२४०’ असे नसून केवळ ‘१२०’ छापले असेल, तर तो थेट भिंतीतील प्लगला लावू नये. संचाचे आवरणही उघडू नये. आतील २३० व्होल्टची बाजू जाणत्या तंत्रज्ञाचेच काम आहे. रुळांवरील मोजमाप मात्र दहा-बारा वर्षांच्या नातवंडांच्या हातून, आपल्या देखरेखीखाली, अवश्य करवून घ्यावे. कोणत्या जोडावर किती घट आली याची नोंद त्यांनीच वहीत करावी. पुढच्या वेळी गाडी रेंगाळली, तर नवी खरेदी करण्याआधी ती वही उघडली जाईल.