अडलेल्या कुत्रीचे बाळंतपण
कुत्रीचे बाळंतपण हा निसर्गाचा मामला, त्यात माणसाने हात घालू नये, असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. चाळीच्या जिन्याखाली विणाऱ्या गावठी कुत्रीच्या बाबतीत ती बव्हंशी खरीही ठरते. पग वा बुलडॉग यांची गोष्ट मात्र निराळी. मोठे डोके, बसके नाक आणि अरुंद कटी ही ठेवण माणसाने आपल्या हौसेपायी घडविलेली आहे. ब्रिटनमधील २०१० सालच्या एका पाहणीत बुलडॉगच्या दर १०० वेतांपैकी ८० हून अधिक वेते शस्त्रक्रियेने झाल्याचे आढळले. आपल्याकडे २००३ साली एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीने पग घरोघरी नेला; त्याची मादी विणार कशी, हे मात्र जाहिरातीत नव्हते.

कुत्री सुमारे ६३ दिवसांनी विते. एरवी १०१-१०२ अंश फॅरनहाइट असणारे तिचे तापमान आदल्या दिवशी बहुधा ९९ च्या खाली उतरते. म्हणून अखेरच्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावावा. मग ती अन्न सोडते, धापा टाकते, फडकी ओरबाडते. हे सहा-बारा तास चालते आणि तेथे धीर धरणेच योग्य. परंतु अर्धा तास जोराच्या कळा येऊनही पिल्लू येत नसेल, आत पिल्ले असताना दोन तास लोटले असतील, किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवट-काळा स्राव दिसला असेल, तर धीर हा गुन्हा ठरतो. तो स्राव म्हणजे वार सुटल्याची खूण. पिल्लाचा प्राणवायू तुटू लागलेला असतो. अशा वेळी शेजारपाजारच्या जाणत्यांकडून कळा वाढविण्याचे इंजेक्शन टोचून घेणारे धनी आहेत. वाट अडलेली असताना कळा वाढविल्या तर गर्भाशयच फाटण्याचा धोका.

शस्त्रक्रियेत पोट उघडून पिल्ले एकामागून एक बाहेर येतात आणि खरी धावपळ तेव्हा सुरू होते. प्रत्येकाचे तोंड-नाक पुसून टॉवेलने चोळावे लागते. पिल्लू उलटे धरून झोकविण्याची जुनी पद्धत मेंदूला इजा करते. ती सोडलेलीच बरी. भूल पुरती उतरेपर्यंत आईजवळ पिल्ले एकटी ठेवू नयेत. तिच्या अंगाखाली ती चिरडतात.

२०१७ च्या केंद्रीय नियमांनी १८ महिन्यांखालील मादीच्या पैदाशीस मनाई केली, पैदास करणाऱ्यांना नोंदणीही सक्तीची केली. घरच्या घरी पिल्ले विकणारे कित्येकजण त्या नोंदणीचे नावही काढीत नाहीत. गिऱ्हाइकाने पिल्लाबरोबर त्याची आईही पाहण्याचा आग्रह धरला, तर तिच्या पोटावरचे टाके त्याच्या दृष्टीस पडतील.