सप्ताहांच्या सणाची रात्र : वार्धक्य, मृत्यू आणि परलोक यांविषयीचे यहूदी अध्ययन

सप्ताहांच्या सणाला हिब्रू भाषेत शावुओत म्हणतात. वल्हांडणापासून सात सप्तके मोजून पन्नासाव्या दिवशी तो येतो. ख्रिस्ती मंडळीच्या पेंटेकॉस्टला त्याच्याच गणनेवरून नाव मिळाले आहे. मुळात गव्हाच्या कापणीच्या असलेल्या या सणाला रब्बींच्या परंपरेने सीनाय पर्वतावरील नियमशास्त्राच्या दानाची आठवण जोडली. या सणाची रात्र शास्त्राध्ययनात जागून काढण्याची प्रथा सोळाव्या शतकात योसेफ कारो व श्लोमो अल्काबेत्स यांच्या मंडळाने ऑटोमन साम्राज्यात रूढ केली. नियमशास्त्र मिळावयाच्या त्या पहाटे इस्राएल लोक झोपून राहिले, अशी एक कथा आहे. हे जागरण म्हणजे त्या निद्रेची भरपाई होय.

आज अनेक सभास्थानांत या रात्रीसाठी एखादा विषय निवडतात. वार्धक्य, मृत्यू व मरणोत्तर जीवन हा त्यांपैकी एक. आनंदाच्या सणाला तो विसंगत वाटेल. परंतु तो सणातच आहे. या दिवशी वाचल्या जाणाऱ्या रूथच्या ग्रंथात नामी ही पती व पुत्र गमावलेली वृद्धा आहे, आणि तिच्या म्हातारपणाचा आधार जन्मास येतो तेथे कथा संपते. यरुशलेमी ताल्मूदाप्रमाणे दावीद राजा याच दिवशी मरण पावला. शिवाय सणाच्या उपासनेत यिझकोर, म्हणजे मृतांच्या स्मरणाची प्रार्थना, म्हटली जाते.

वार्धक्य

पिकल्या केसांपुढे उठून उभे राहावे, ही लेवीय १९:३२ मधील आज्ञा. रब्बींनी प्रश्न केला : वृद्ध कोण? केवळ ज्ञानी, की कोणीही वयोवृद्ध? रब्बी योहानान हे परराष्ट्रीय वृद्धांपुढेही उठत. या माणसांवरून किती प्रसंग गेले असतील, असे ते म्हणत. याहून मार्मिक आहे ती विस्मृती झालेल्या विद्वानाविषयीची शिकवण. मोशेने फोडलेल्या पाट्यांचे तुकडेही अखंड पाट्यांसह कोशात ठेवले होते; म्हणून ज्याची विद्या त्याच्या दोषावाचून लोपली, त्याचाही मान राखावा, असे ताल्मूद सांगतो. स्मृतिभ्रंश झालेल्या आईबापांची सेवा करणाऱ्यांना या दृष्टांताचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. भंगलेले पात्रही पवित्रच राहते.

मृत्यू

आपला मृत्यू शब्बाथ दिवशी होईल असे दावीदाला कळले, तेव्हापासून तो प्रत्येक शब्बाथ अखंड अध्ययनात घालवू लागला. त्याचे मुख थांबेना, म्हणून मृत्युदूताचे काही चालेना. अखेर दूताने घरामागील बागेतील झाडे हलविली. काय झाले ते पाहावयास दावीद निघाला. पायाखालची पायरी मोडली, क्षणभर तो गप्प झाला आणि त्याचा प्राण गेला. शास्त्राध्ययन मृत्यूला दूर ठेवते, परंतु कायमचे नव्हे, हे या कथेचे सार.

दुसरी कथा मिश्ना संकलित करणाऱ्या रब्बी यहूदा यांची. ते मरणासन्न असता शिष्य अखंड प्रार्थना करीत होते. त्यांची दासीही प्रथम त्यांच्या जीवासाठीच प्रार्थना करीत होती. पण त्यांचे क्लेश पाहून तिने छपरावरून एक घागर खाली टाकली. त्या आवाजाने प्रार्थना क्षणभर थांबली आणि रब्बींची सुटका झाली. ताल्मूद तिला दोष देत नाही. पुढे सोळाव्या शतकात रब्बी मोशे इस्सर्लेस यांनी नियम स्पष्ट केला : मृत्यू त्वरेने घडवून आणणे निषिद्ध, मात्र प्राण जाण्यास अडथळा करणारी बाह्य गोष्ट, जसे बाहेर लाकडे फोडण्याचा आवाज, दूर करता येते. कृत्रिम श्वसनयंत्राविषयीचा आजचा वाद याच भेदावर उभा आहे.

परलोक

यहूदी धर्म परलोक मानीत नाही, असे आपल्याकडे पुष्कळदा म्हटले जाते. ते बरोबर नाही. जुन्या कराराच्या बहुतेक भागात अधोलोकाचे चित्र अंधुक आहे, हे खरे. दानीएल १२:२ मध्ये मात्र मृतांच्या जागे होण्याचा स्पष्ट उल्लेख येतो. परूशी व सदूकी यांच्यातील वाद वाचकांस परिचित आहे. मिश्नेने परूश्यांचा पक्ष घेतला : पुनरुत्थान नियमशास्त्रात नाही असे म्हणणाऱ्याला येणाऱ्या जगात वाटा नाही. त्याचा आधार शोधताना रब्बी पूर्वजांना दिलेल्या अभिवचनातील एकेका शब्दावर युक्तिवाद करतात. मार्क १२ मध्ये प्रभू येशूने जळत्या झुडुपाच्या वृत्तांतावरून केलेला युक्तिवाद याच जातीचा आहे.

तथापि एकमत कधीच झाले नाही. मैमोनिदेसने बाराव्या शतकात पुनरुत्थानाला श्रद्धेच्या तेरा तत्त्वांत स्थान दिले. तरी अंतिम सुख देहरहित आत्म्याचे, असे त्याचे मत होते. अमेरिकेतील सुधारणावादी रब्बींनी १८८५ च्या पिट्सबर्ग जाहीरनाम्यात देहाचे पुनरुत्थान नाकारले आणि आत्म्याचे अमरत्व तेवढे ठेवले. त्याच पंथाच्या २००७ च्या प्रार्थनापुस्तकात मृतांना जिवंत करणाऱ्या देवाचे जुने शब्द पर्याय म्हणून परत आले.

या अध्ययनाचा क्रम

हे अध्ययन परलोकापासून आरंभ करीत नाही. प्रथम वृद्धापुढे उठून उभे राहणे, नंतर मरणाऱ्याच्या उशाशी योग्य ते करणे, आणि त्यानंतर पलीकडच्या आशेचा विचार. यिझकोरमध्येही मृताच्या नावाने दानधर्म करण्याचे वचन देतात. मृतांसाठी म्हटल्या जाणाऱ्या कद्दीशमध्ये मृत्यूचा उल्लेखही नाही, केवळ देवाची स्तुती आहे. अंत्यविधीच्या वेळी स्वर्गाविषयी पुष्कळ बोलणाऱ्या आपल्या मंडळ्यांनी या क्रमाचा विचार करावा. पुनरुत्थानाची आपली आशा अधिक निश्चित आहे असे आपण म्हणतो. तसे असेल, तर अंथरुणाला खिळलेल्या आणि आपले नावही विसरलेल्या वृद्धाच्या दारी ती आशा आधी दिसली पाहिजे.