काळ्या झग्यांच्या शोधात : मोंटानातील एक लहानसे संग्रहालय आणि आपली मुले

आपल्यापैकी ज्या कुटुंबांचे आप्त अमेरिकेत स्थायिक झाले आहेत, ती उन्हाळी सुट्टीत यलोस्टोन अथवा ग्लेशिअर राष्ट्रीय उद्यान पाहण्याचा बेत आखतात. या प्रवासात मिझुला शहराकडे वाट वाकडी केली, तर तेथून दक्षिणेस सुमारे ४५ किलोमीटर अंतरावर बिटररूट खोऱ्यात स्टीव्हन्सव्हिल हे छोटे गाव लागते. गावाच्या कडेला ओंडक्यांचे एक बैठे प्रार्थनामंदिर, दोन-तीन लाकडी घरे व एक दफनभूमी आहे. हेच सेंट मेरीज मिशन. मोंटाना राज्याचा आरंभ येथे झाला असे तेथील लोक अभिमानाने सांगतात. मोठ्या शहरांतील भव्य संग्रहालयांत मुले अर्ध्या तासात कंटाळतात. येथे मात्र पाहण्यासारखे थोडेच आहे आणि ते सारे माणसाच्या मापाचे आहे.

अमेरिकेच्या पश्चिम भागात अशी ‘पायोनियर’, म्हणजे आद्य वसाहतकारांची, लहान संग्रहालये गावोगावी आढळतात. त्यांतील कथा बहुधा एकाच साच्याची असते : पूर्वेकडून गाड्यांचे तांडे आले, त्यांनी रान तोडले, शेती केली, गाव वसवले. सेंट मेरीजची कथा मात्र उलट दिशेने सुरू होते. येथील सालिश या मूळ रहिवाशांनी स्वतःच धर्मगुरूंना बोलावणे धाडले होते. त्यांच्यात येऊन राहिलेल्या इरोक्वॉय जमातीच्या कॅथलिकांकडून त्यांनी ‘काळ्या झग्यांविषयी’, म्हणजे येशूसंघीय धर्मगुरूंविषयी, ऐकले होते. १८३१ ते १८३९ या काळात चार वेळा त्यांची माणसे डोंगर व माळराने ओलांडून सेंट लुईस शहराकडे निघाली. १८३७ साली निघालेल्या तुकडीची वाटेतच हत्या झाली. तिच्यात थोरले इग्नेशियस म्हणून ओळखले जाणारे इरोक्वॉय वृद्धही होते. तरी दोन वर्षांनी पुन्हा दोघे निघाले. धर्मगुरू मिळावेत म्हणून इतकी पायपीट करणारी माणसे आपल्या मुलांना ठाऊक व्हावीत, असे आम्हांला मनापासून वाटते.

अखेर १८४१ साली बेल्जियमचे फादर पिएर-जाँ द स्मेट दोन धर्मगुरू व तीन ब्रदर यांना घेऊन निघाले. कॅलिफोर्नियाला जाणाऱ्या पहिल्या स्थलांतरितांच्या तांड्याने वाटेचा बराच भाग त्यांच्या सोबतीने पार केला. सप्टेंबरअखेर ते या खोऱ्यात पोहोचले. त्यांतील फादर मेंगारीनी यांनी सालिश भाषेचे व्याकरण लिहिले. ते १८६१ साली न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याकडील फादर थॉमस स्टीफन्स हेही येशूसंघीयच, आणि त्यांचे कोकणी व्याकरण १६४० साली रायतूर येथे छापले गेले. लोकांशी बोलायचे तर प्रथम त्यांची भाषा शिकावी, ही रीत दोन्हीकडे एकच.

मुलांचे लक्ष वेधतील ते १८४५ साली आलेले फादर अँथनी रावाली. इटलीतील फेरारा येथील हे धर्मगुरू वैद्य, औषधी बनवणारे, सुतार, शिल्पकार असे सारे काही होते. बेल्जियममधील अँटवर्पहून आणलेली जात्याची दगडी तळी त्यांनी पाण्यावर चालणाऱ्या पिठाच्या गिरणीत बसवली. लाकूड कापण्यासाठी करवत हवी होती, पण लोखंड कोठून आणणार? त्यांनी गाड्यांच्या चाकांच्या लोखंडी धावा काढल्या. चार धावा जोडून गिरणीचा दांडा घडवला, पाचवी ठोकून सपाट केली आणि कानशीने तिला दाते पाडले. ही हकिकत सांगून मुलांना विचारावे, ‘तुम्ही काय केले असते?’ उत्तरे ऐकण्याजोगी असतात! फादरांच्या घरातील औषधालय, तसेच प्रार्थनामंदिरातील त्यांनी स्वहस्ते कोरलेले काम सावकाश पाहू द्यावे. आजचे मंदिर १८६६ सालचे आहे. मूळ मिशन १८५० साली बंद करून त्याच्या इमारती जॉन ओवेन या व्यापाऱ्याला २५० डॉलरांना विकण्यात आल्या होत्या.

येथपर्यंतची गोष्ट मुलांना आवडते. पुढची सांगताना पालक अडखळतात, आणि मार्गदर्शकाने ती थोडक्यात आटोपली तर आपणही सुटकेचा निःश्वास टाकतो. आमच्या मते ती वगळू नये. सालिश प्रमुख व्हिक्टर यांची लाकडी खोली आवारातच आहे. त्यांनी १८५५ साली गव्हर्नर आयझॅक स्टीव्हन्स यांच्याशी करार केला. गावाला आज नाव आहे ते व्हिक्टर यांचे नव्हे, तर या गव्हर्नरांचे. खोऱ्याची पाहणी करून सालिश लोकांना कोठे राहू द्यायचे ते ठरवू, असे करारात म्हटले होते. नीट पाहणी झालीच नाही आणि गोऱ्या वसाहतकारांची वस्ती वाढत गेली. १८७२ साली, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जेम्स गारफिल्ड स्थलांतराचा करार घेऊन आले. व्हिक्टर यांचे पुत्र शार्लो यांनी त्यावर खूण करण्यास नकार दिला. तरीही छापून आलेल्या प्रतीत त्यांची खूण दाखवलेली होती. शार्लो आणखी १९ वर्षे तेथेच तग धरून राहिले. १८९१ च्या ऑक्टोबरात अखेर त्यांना आपल्या लोकांसह उत्तरेकडील राखीव प्रदेशात जावे लागले आणि मिशनचे कामही थांबले. ज्यांनी धर्मगुरूंना बोलावले, त्यांनाच खोरे सोडावे लागले. आठ-दहा वर्षांच्या मुलाला हे सहज कळते. ‘मग ती जमीन कोणाची?’ असे त्याने विचारले, तर घाईने उत्तर देऊ नये.

हिवाळ्यात तेथे कडाक्याची थंडी असते, म्हणून उन्हाळ्यात जावे आणि संग्रहालयाच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात. आत मार्गदर्शकासोबत फिरणे उत्तम. वस्तूंना हात लावता येत नाही, तेव्हा लहानग्यांच्या हाती वही-पेन्सिल द्यावी. फादर द स्मेट यांच्यासोबत आलेले फादर पॉइंट यांनीही प्रवासात पाहिलेले सारे चित्रांतून टिपून ठेवले होते. शेवटी दफनभूमीत थोडा वेळ थांबावे. फादर रावाली १८८४ साली वारले आणि येथेच त्यांचे दफन झाले. जवळच सालिश लोकांची विश्रांतिस्थाने आहेत. त्या लोकांचे वंशज आजही उत्तरेकडून प्रार्थनेसाठी येथे येतात.