संकेतस्थळाचे नाव कोणाच्या नावे?

अठराव्या शतकात कात्रजच्या तलावाचे पाणी जमिनीखालच्या नळातून शनिवारवाड्यापर्यंत येई. पेठांतील लोक मात्र ते जवळच्या हौदावर भरत. इंटरनेटवरील नावांची व्यवस्था, म्हणजे १९८३ साली रचलेली डीएनएस, काहीशी अशीच चालते. नावामागचा आकडी पत्ता मूळ नेमसर्व्हरवर नोंदलेला असतो. वाटेतील सर्व्हर त्याची प्रत ठरावीक काळ साठवतात. म्हणून बदललेला पत्ता सर्वत्र पोहोचण्यास काही तास, क्वचित एक-दोन दिवस लागतात.

औषधालयाचे संकेतस्थळ सर्व्हरवर ठेवणे हे होस्टिंग. डोमेन नावाची नोंदणी ही निराळी बाब होय. ‘.इन’ व देवनागरीतील ‘.भारत’ (२०१४) यांचा कारभार ‘निक्सी’ ही संस्था पाहते. नोंदणी अधिकृत रजिस्ट्रारमार्फत होते. अनेकदा संकेतस्थळ बनविणारा ती स्वतःच्याच नावे करतो. तो दुरावला वा नूतनीकरण चुकले, तर त्या नावावरचे मागणीचे ईमेलही थांबतात आणि नाव परक्याच्या हाती जाऊ शकते.

यास्तव नोंदणी आपल्या संस्थेच्याच नावे असावी, रजिस्ट्रारकडे दिलेला ईमेल त्याच डोमेनवरचा नसावा आणि नूतनीकरणाची तारीख कर व विम्याच्या मुदतींशेजारी लिहून ठेवावी.