जिवाणूचे बारसे आणि नावाची किंमत

मलकापूरच्या परिसरातील शेतकरी भाताला वा उसाला स्फुरद मिळावे म्हणून जिवाणूखत विकत घेतो, तेव्हा तो वस्तुतः एका नावाची किंमत मोजत असतो. पिशवीतील जिवाणू डोळ्यांना दिसत नाही. वर छापलेले लॅटिन नाव हीच काय ती त्याची ओळख. अशा खतांतील एक प्रचलित नाव म्हणजे ‘बॅसिलस मेगाटेरियम’. २००६ पासून जिवाणूखते खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली असली, तरी नाव ठरते कसे, हा प्रश्न सुशिक्षितांच्याही मनात क्वचितच येतो.

या प्रश्नाशी कोल्हापूरचे एक नाते आहे. कोल्हापूरला जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली २००५ मध्ये हैदराबादहून एक बलून सोडण्यात आला आणि वीस ते एकेचाळीस किलोमीटर उंचीवरील हवेचे नमुने गोळा करण्यात आले. हैदराबादची पेशी व रेणुजीवशास्त्र संस्था आणि पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र यांनी त्यांची स्वतंत्रपणे तपासणी केली. जिवाणूंच्या बारा वसाहतींपैकी नऊ परिचित जातींच्या निघाल्या. तीन मात्र नव्या ठरल्या. २००९ मध्ये त्यांना जॅनिबॅक्टर हॉयली, बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि बॅसिलस आर्यभटाय अशी नावे मिळाली. फ्रेड हॉइल, इस्रो आणि आर्यभट यांचे हे स्मरण होय. हे जीव परग्रहावरून आले, असे मात्र सिद्ध झालेले नाही.

‘नवे’ ठरविण्याची कसोटी कोणती? पूर्वी आकार, रंग आणि आंबविण्याची क्रिया यांवर भिस्त असे. १९७० च्या दशकात कार्ल वूझ यांनी पेशीतील रायबोसोमचा एक घटक वंशावळ सांगणारा ठरतो, हे दाखवून दिले. या घटकाच्या ‘सोळा एस’ जनुकाची अक्षरे परिचित जातींशी जुळवून पाहतात. सुमारे ९८.७ टक्क्यांहून कमी साम्य आढळल्यास जाती नवी असण्याचा संभव बळावतो. साम्य त्याहून अधिक असल्यास संपूर्ण जनुकसंचाची तुलना करावी लागते; तेथे सरासरी साम्य ९५-९६ टक्क्यांखाली असावे लागते. एवढ्यानेही भागत नाही. आंतरराष्ट्रीय नियमानुसार त्या जिवाणूचा जिवंत नमुना दोन निराळ्या देशांतील संग्रहांत ठेवल्याखेरीज नाव अधिकृत होत नाही.

कसोटी सूक्ष्म होत गेली, तशी जुनी नावेही पुन्हा तराजूत पडली. बॅसिलस इस्रोनेन्सिस २०१६ मध्ये सोलिबॅसिलस या वंशात गेला. २०१९ मध्ये तर संपूर्ण जनुकसंचांच्या तुलनेवरून बॅसिलस आर्यभटाय ही निराळी जाती नसून १८८४ पासून ठाऊक असलेला बॅसिलस मेगाटेरियमच होय, असे प्रतिपादन झाले. पुढे २०२० मध्ये मेगाटेरियम आणि आर्यभटाय ही दोन्ही नावे ‘प्रिस्टिया’ या नव्या वंशाखाली आली. म्हणजे आकाशात सापडलेला जीव आणि शेतकऱ्याच्या पिशवीतील जीव हे एकाच घरचे ठरण्याची वेळ आली!

यात कोणाची नाचक्की झाली असे मानण्याचे कारण नाही. उलट, ज्या खातेवहीतील नोंद कोणालाही तपासता येते आणि खोडताही येते, तिच्यावरच विश्वास ठेवावा. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे, तर अचूक नाव ही सार्वजनिक संपत्ती होय. ते निश्चित करण्याचा खर्च एका प्रयोगशाळेला पडतो; लाभ मात्र डॉक्टर, खत-उत्पादक आणि शेतकरी या सर्वांना मिळतो. म्हणूनच हे काम बाजाराच्या भरवशावर सोडता येत नाही. सार्वजनिक पैशावर चालणारे पुण्याचे राष्ट्रीय सूक्ष्मजीव संग्रहालय याच कारणासाठी मोलाचे आहे.

येथे एक पेच आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने भारतीय जैविक संपत्ती परदेशीयांच्या हाती देण्यावर मंजुरीचे बंधन घातले, आणि ते योग्यच होते. परंतु नामकरणाचा नियम नमुना खुला असावा असे म्हणतो. मालकीचे रक्षण आणि ज्ञानाची देवाणघेवाण यांचा मेळ मंजुरीच्या सुलभ व वेळेवर होणाऱ्या व्यवस्थेनेच बसेल.

दुसरा धोका घरचाच आहे. नव्या जातींची संख्या हीच संशोधकाच्या बढतीची मोजपट्टी झाली, तर घाईची बारशी वाढतील आणि जुनी नावे पुन्हा तपासण्याचे बिनश्रेयाचे काम कोणी करणार नाही. आंबा घाटाच्या पायथ्याशी पडणाऱ्या पावसात, जांभ्याच्या मातीत अनामिक जीव असंख्य असतील. त्यांना नावे जरूर मिळावीत. तथापि पिशवीवरील नाव आणि पिशवीतील जीव एकच आहेत, याची खात्री तालुक्याच्या शेतकऱ्याला मिळणे, हे त्याहून अगत्याचे आहे. तपासणीचे जे तंत्र बलूनमधील जिवाणूसाठी वापरता आले, ते खताच्या पिशवीसाठी वापरणे अशक्य खास नाही.