पाणपक्षी, तलाव आणि मूल्यमापनाचा प्रश्न : म्हैसूरचा अनुभव

पक्षिनिरीक्षण हा फावल्या वेळातील छंद आहे, असा सर्वसाधारण समज आहे. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र त्यात एक जुना व अवघड प्रश्न दिसतो : ज्या वस्तूला बाजारात किंमत नाही, तिचे मूल्य ठरवायचे कसे? म्हैसूर शहर व परिसरातील तलाव या प्रश्नाच्या अभ्यासासाठी सोयीचे आहेत.

हे तलाव बहुतांशी मानवनिर्मित आहेत, ही बाब विद्यार्थ्यांनी प्रथम ध्यानात घ्यावी. कुक्करहळ्ळी तलाव १८६४ मध्ये मुम्मडी कृष्णराज वडियार यांच्या काळात बांधला गेला. शहराबाहेरील शेतीला पाणी पुरविणे हा त्याचा हेतू होता. आज तो म्हैसूर विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे. शहरापासून जवळच, मंड्या जिल्ह्यातील रंगनाथिट्टू येथील बेटेही सतराव्या शतकात कावेरीवर घातलेल्या बंधाऱ्यामुळे तयार झाली. मुंबईचे पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांनी तेथील वीण पाहून म्हैसूरच्या महाराजांकडे आग्रह धरला आणि १९४० मध्ये हे क्षेत्र संरक्षित झाले. २०२२ मध्ये ते कर्नाटकातील पहिले रामसर स्थळ ठरले. महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ असलेले नांदूर मध्यमेश्वरदेखील गोदावरीवरील बंधाऱ्यामुळेच निर्माण झाले आहे. सिंचनाच्या गुंतवणुकीतून अनपेक्षितपणे लाभलेले हे उत्पन्न म्हणावे लागेल. कोणत्याही प्रकल्प अहवालात ते धरलेले नव्हते.

याच गुंतवणुकीची दुसरी बाजूही आहे. रंगनाथिट्टूच्या वरच्या अंगाला कृष्णराजसागर धरण आहे. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले की सखल बेटांवरील घरटी पाण्याखाली जातात. पाणी सोडण्याचा निर्णय घेणाऱ्याच्या हिशेबात ही हानी येत नाही. बाह्य परिणाम या संज्ञेचे याहून सुबोध उदाहरण क्वचितच सापडेल.

शहरातील कारंजी तलावाची कथा निराळी आहे. सांडपाण्यामुळे हा तलाव दूषित झाला आणि पक्षी दुरावले. १९७६ मध्ये तो प्राणिसंग्रहालयाकडे आला. पुढे आशियाई विकास बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या नागरी पायाभूत सुविधा प्रकल्पात त्याचे पुनरुज्जीवन झाले. सुमारे ९० हेक्टरच्या या परिसरात प्रत्यक्ष जलक्षेत्र सुमारे ५५ हेक्टर आहे. सभोवती निसर्ग उद्यान असून त्यासाठी प्रवेश शुल्क आकारले जाते. शुल्कातून देखभालीचा खर्च निघू शकतो. पण तिकिटाची रक्कम म्हणजे तलावाचे मूल्य नव्हे. प्रवास खर्च पद्धतीत म्हणूनच पर्यटक किती अंतरावरून येतो, प्रवासावर किती पैसा व वेळ खर्च करतो, अंतर वाढले की भेटींची संख्या किती घटते, हे पाहून मागणी वक्र काढला जातो. त्यातून उपभोक्त्याचे आधिक्य कळते. तथापि ही पद्धत केवळ उपयोग मूल्य मोजते. मध्य आशियातून हिमालय ओलांडून म्हैसूर परिसरातील तळ्यांवर उतरणाऱ्या पट्टकादंब हंसांचे अस्तित्व मूल्य तिच्या कक्षेत येत नाही. ज्यांनी हा पक्षी कधी पाहिला नाही, त्यांनाही तो टिकावा असे वाटते. त्यासाठी लोकांची खर्च करण्याची तयारी सर्वेक्षणाने अजमावावी लागते, आणि अशा उत्तरांवर किती विसंबावे याविषयी अर्थशास्त्रज्ञांत मतभेद आहेत.

पक्ष्यांची गणना हा तलावाच्या प्रकृतीचा स्वस्त निर्देशक मानला जातो. येथे थोडी सावधगिरी हवी. सांडपाण्यातील नत्र व स्फुरद यांमुळे शैवाल वाढते, प्रदूषण सोसणारे मासे काही काळ फोफावतात आणि मासे खाणारे झोळीवाले व पाणकावळे यांची संख्याही वाढू शकते. प्राणवायू एका मर्यादेखाली गेला की हेच मासे मरून तरंगू लागतात. म्हणून एकूण संख्येपेक्षा कोणत्या जाती आल्या, कोणत्या थांबल्या आणि कोणी घरटी केली, याची वर्षानुवर्षांची नोंद अधिक बोलकी असते. हे काम प्रामुख्याने हौशी निरीक्षक विनामोबदला करतात. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात या श्रमाला स्थान नाही.

आता कायद्याकडे वळू. १९७१ च्या रामसर कराराच्या व्याख्येत नैसर्गिक व कृत्रिम, कायमस्वरूपी व हंगामी अशा सर्व पाणथळ जागा येतात. भारत १९८२ मध्ये या करारात सहभागी झाला. केंद्र सरकारचे पाणथळ जागांविषयीचे २०१० चे नियम २०१७ मध्ये बदलण्यात आले व बरीच जबाबदारी राज्य प्राधिकरणांकडे गेली. नव्या नियमांच्या व्याख्येतून मात्र पिण्याच्या पाण्यासाठी, तसेच खास सिंचन वा करमणुकीसाठी बांधलेले जलसाठे वगळले आहेत. दक्षिणेतील तळी मुळात सिंचनासाठीच बांधलेली! ज्या तलावाखाली आज एक एकरही भिजत नाही, तो शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या हेतूमुळे व्याख्येबाहेर राहावा, हे प्रस्तुत लेखकाला तर्कसंगत वाटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच उपग्रह पाहणीत नोंदलेल्या, २.२५ हेक्टरहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळ जागांना २०१० च्या नियमांतील तत्त्वांनुसार संरक्षण देण्याचे निर्देश दिले होते, हे या संदर्भात महत्त्वाचे आहे.

शिवाय काठ राखला म्हणजे तलाव राखला असे होत नाही. कुक्करहळ्ळीला पाणी आणणारा, दिवाण पूर्णय्या यांच्या नावाने ओळखला जाणारा कालवा वाढत्या वस्तीने ठिकठिकाणी व्यापला. त्यामुळे पावसाचे पाणी घटले आणि त्याच वाटांनी सांडपाणी येऊ लागले. पाणलोटातील भूखंडाच्या विक्रीचा लाभ एका मालकाला मिळतो, तलावाच्या शुद्धीकरणाचा खर्च मात्र करदात्यांवर पडतो. प्रदूषकाने भरपाई द्यावी हे तत्त्व न्यायालयांनी मान्य केले असले, तरी हजारो घरांच्या नाल्यांपुढे नेमका प्रदूषक कोण हे ठरविणे कठीण असते. अशा ठिकाणी पाणीपट्टीबरोबर मलनिस्सारण कर आकारून त्याचा विनियोग त्याच पाणलोटात करणे, हा व्यवहार्य मार्ग दिसतो.